भयकथेतलं खरं घर

"भूत नंतर. आधी दार वाजू द्या."

कथेचे कागद माझ्या टेबलावर ठेवताना ते दरवेळी हे म्हणायचे. गारखेड्यात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ टोपणनावानं दिवाळी अंकांसाठी भयकथा लिहायचे आणि टाइप करायला माझ्याकडे आणायचे. माणूस इतका सौम्य, की रस्त्यातलं कुत्रंही त्यांना बघून बाजूला सरकत नसे.

भूत काय, कुणीही आणतं, हे भयकथा वाचणाऱ्यांना सांगायला नको. यांच्या कथेत ते शेवटच्या पानापर्यंत यायचंच नाही. तोवर ओल धरलेली भिंत, कोंदट वास, वारा नसताना हलणारी कपड्यांची दोरी एवढ्यावरच टाइप करताना माझ्या अंगावर काटा यायचा. "हे सुचतं कुठून?" मी विचारायचो.

"सुचत नाय हो, बघून येतो. भूत खोटं चालतं. भिंत खोटी असली की वाचणारा लगेच धरतो."

हीच खोड नडली. पुंडलिकनगरात एका निवृत्त शिक्षिकेचं दुमजली घर आहे. सगळे त्यांना काकू म्हणतात. तिथं चहाला जाता-येता यांनी सगळं टिपलं: मिटताना किंचाळणारं फाटक, गळक्या टाकीचा भिंतीवर उतरलेला काळा ओघळ, सदा ओल्या जिन्याच्या पायऱ्या. कथेत त्या पायऱ्यांवर कुणाची तरी पावलं उमटू लागली. काकूंचं नाव तेवढं बदललं, घराचा खिळाही हलवला नाही.

ती कथा कुणीतरी मोठ्यानं वाचून तिचं रेकॉर्डिंग मोबाइलवर फिरवलं आणि कॉलनीनं घर ओळखलं. पोरं फाटकापाशी व्हिडिओ काढायला जमू लागली. वरच्या मजल्यावर शेंद्र्याच्या कारखान्यात जाणारं जोडपं भाड्यानं राहायचं, ते सामान आवरून गेलं. नवं कुणी येईना. काकूंना भाड्याची फिकीर नव्हती. "वर माणसं वावरली की मला झोप लागते," त्या म्हणायच्या.

ते ऐकून हे माझ्या दुकानात येऊन मटकन बसले. "म्हातारीची झोप घेतली हो मी."

मग भयकथालेखकानं तेलाची बाटली घेतली आणि फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. टाकी दुरुस्त करवली, भिंतीला चुना लावला. जे जे लिहिलं होतं ते एकेक करून पुसलं. पण लोकांना पांढऱ्या भिंतीवरही ओघळ दिसतच राहिला.

"काकू लई भला माणूस म्हणतात मला, चहा देतात. घशाखाली उतरत नाय," ते म्हणाले. "सांगून टाकू का त्यांना?"

"राहू द्या," मी म्हणालो. "उगाच त्यांच्या जिवाला त्रास." माझंही त्या घरी जाणं-येणं होतं आणि कथा टाइप करताना घर मीही ओळखलं होतं.

शेवटी मुलाचं न ऐकता ते स्वतःच वर राहायला गेले. लिहिणं सोडलं. काकू शेजारणींना सांगायच्या, "एवढ्या शहरात एकच धीराचा माणूस निघाला बघा!" हे मान खाली घालून जिना चढायचे.

यंदा उन्हाळ्यात ते गेले. दिवसकार्य झाल्यावर काकू दुकानात आल्या. "त्यांच्यासारखं कुणी बघा ना. असल्या गोष्टींना न भिणारं." मी "बघतो" म्हणालो आणि मशीनमध्ये कागद भरत बसलो. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटली.

घर रिकामं दिसू नये म्हणून काकू हल्ली रोज संध्याकाळी दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढतात, वरचा दिवा लावून खाली येतात.

परवा झेरॉक्सला आलेल्या कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "काका, त्या घरात वर दिवा कोण लावतं?"

"काकू लावतात," मी म्हणालो.

"नाही काका," ती आवाज खाली आणून म्हणाली, "ते वारलेले आजोबाच लावतात. सगळे म्हणतात."