दीक्षा घेतलेल्या राणीचे केस

माझ्या मुलीच्या, मित्सुएच्या, लक्षात माणसांचे चेहरे राहत नाहीत, केस राहतात. बघायला आलेल्या मुलाबद्दल विचारलं तर म्हणाली, "कानशिलापाशी विरळ आहेत." तो विषय तिथेच मिटला.

शाळा संपल्यापासून ती क्योतोत इवाबुची मास्तरांकडे चित्रांचे लाकडी ठसे कोरते. आधी नुसतं रेघांमधलं लाकूड काढणं, मग झग्यांच्या बाह्या. तिशी आली तरी बाह्याच. थंडीत सकाळी तिची बोटं वळत नाहीत. मी गरम पाणी पुढे ठेवते आणि नको म्हटलं तरी बघत उभी राहते.

यंदा मास्तरांनी तिला पहिल्यांदा डोकं कोरायला दिलं. जुन्या दरबारी कथेतली राणी. चित्र दिल्यावर थोड्याच दिवसांत चित्रकार वारले. चित्र फळीवर उलटं चिकटवून त्यावरूनच कोरतात, म्हणजे मूळ चित्र उरत नाही. त्यात केसांची नुसती कड असते. एकेक केस कोरणाऱ्यानं स्वतः काढायचा.

काळ्या रेघांचा पहिला छाप निघाला तेव्हा मी डबा द्यायला गेले होते. राणीचे केस पाठीवरून पार जमिनीपर्यंत वाहत होते.

"बघा बाई," मास्तर म्हणाले, "कंगवा घालायची भीती वाटेल असे कोरलेत पोरीनं. जावई शोधा आता, नाहीतर ती इथेच म्हातारी होईल."

मित्सुए हसली. मला मात्र राणीच्या हातातली जपमाळ दिसली. कॉलेजात ही कथा शिकले होते. राजा गेल्यावर ती भिक्षुणीची दीक्षा घेते, आणि त्या काळी दीक्षा घेतलेल्या स्त्रीचे केस पुरते न मुंडता खांद्याशी कापलेले असत. पोरीनं वरच्या झग्याची कड केसांची समजून कोरली होती.

गप्प बसावं असं फार वाटलं. पण छापून बाजारात गेल्यावर कुणीतरी बोट ठेवलंच असतं, तेही तिच्यावर. मी सांगितलं.

मास्तरांनी छाप जवळ ओढला आणि जपमाळेवर बोट ठेवलं. "आम्ही दोघांनी जपमाळेचे मणी मोजले," ते म्हणाले, "आणि ती कुणाच्या हातात आहे ते बघितलं नाही."

"मग आता?" मित्सुएनं विचारलं. माझ्याकडे न बघता.

"झगा साधा आहे. केस काढले तर तिथे कोरं राहील, चालेल. तूच काढ."

तिनं खांद्याखालचे सगळे केस तासले. एवढ्या दिवसांचं काम भुसा होऊन मांडीवर पडत होतं. दुसरा छाप निघाला. कापलेल्या केसांची टोकं खांद्यावर एका सरळ रेषेत थांबली होती, आणि राणी एकदम वयस्कर दिसायला लागली.

"ही बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "याच कथेतल्या पुढच्या चित्राच्या बाह्या घे. डोकं नंतर बघू."

 रात्री घरी जेवताना मित्सुए वाटी खाली ठेवून म्हणाली, "पुढच्या चित्रात कोण आहे, आई? नीट सांग. सुरुवातीपासून."

आवाजात राग होता की नाही, मला अजून कळलेलं नाही. मी सांगत गेले, आणि तिचा भात गार झाला.