डावा पर कापलेले मासे

सावित्रीबाई बिरादार दिवसाला आठशे माशांचे पर कापायच्या. डाव्या तळहातावर ओलं फडकं, त्यावर बोटभर लांबीची रोहूची बोटुकली, उजव्या हातात बारीक कात्री. पोटाखालचा डावा पर मुळाशी धरायचा आणि एकदाच कापायचा. अर्धवट कापला तर पुन्हा वाढतो, कात्री खोल गेली तर मासा जातो. मग पोराला औषध पाजावं तसं त्याला जांभळ्या पाण्यात क्षणभर बुडवायचं आणि तळ्यात बांधलेल्या कापडी हाप्यात सोडून द्यायचं. ओणवं बसून बसून संध्याकाळी कंबर धरायची, डोळ्यांपुढे चंदेरी ठिपके नाचायचे.

आणि हे करणाऱ्या बाईच्या गळ्यात तुळशीची माळ. मासा त्यांनी जन्मात तोंडाला लावला नव्हता.

माणसं उदगीरकडची. नवरा दत्तोबा हैदराबादला आला तो दिलसुखनगरच्या पुढे, सागर रोडवरच्या एका सरकारी मत्स्यबीज केंद्रावर वॉचमन म्हणून. बांधावर साप चावून तो गेला, तेव्हा लेक तेजश्री पाळण्यात होती. साहेब लोकांनी दया केली. बाईंना रोजंदारीवर घेतलं आणि केंद्रातली एक खोली राहायला दिली. "पुढं बघू," म्हणाले. त्या पुढं बघण्याला पंचाण्णव साली अकरा वर्षं झाली होती. रोजंदारी तशीच, खोलीही तशीच, कधी रिकामी करा म्हणतील याचा नेम नाही.

त्या वर्षी प्रतापराव केंद्रावर अधिकारी होऊन आले. सुलतान बाजारातल्या जुन्या मराठी घरातले, त्यामुळे बाईंशी मराठीत बोलायचे. एक दिवस त्यांनी बाईंना समोर बसवून सगळं सांगितलं. दरवर्षी तलावांत लाखो बोटुकली सोडली जातात. किती खरंच सोडली, त्यातली किती जगली, कुणालाच माहीत नाही. आता वरून हवा आलीय की सरकारनं सगळ्यातून अंग काढून घ्यावं, केंद्रं खाजगीला द्यावीत. पण एक समिती नव्या कायद्याचा मसुदा करतेय. तलावात सोडायचं बीज सरकारी असो की खाजगी, पाचातल्या एका माशावर खूण हवीच. म्हणजे पुढं जाळ्यात आलेला मासा कुणाचा ते कळेल. आणि खूण करणारी माणसं सरकारची, कायम नोकरीतली.

"कायदा झाला की पहिली ऑर्डर तुमची, सावित्रीबाई."

"तीन साहेब असंच बोलून गेले, साहेब."

"ते तोंडानं बोलले. हे कलम आहे, छापलेलं कलम. पण आधी खूण करून काही कळतं, हे समितीला दाखवायला हवं. दोन हंगाम आपण शेजारच्या पेद्दाचेरुवू तलावात पाचातला एक मासा खूण करून सोडू. बीज जगत असेल तर जाळ्यातही पाचातला एक खुणेचा निघेल. साधा हिशेब."

"तलाववाल्यांना सांगू का?"

"मुळीच नको. बक्षीस मिळेल समजून स्वतःच पर कापून आणतील. तुम्ही वजनकाट्यापाशी बसा आणि गुपचूप बघा."

घरी तेजश्री म्हणाली, "आई, परमिनेंट झालीस तर ही खोली आपलीच ना? मग मी त्या कोपऱ्यात खिळा मारते, दप्तराला."

"अजून नको मारूस," सावित्रीबाई म्हणाल्या.

पहिल्यांदा बोटुकली सोडायचा दिवस आला, तेव्हा बाईंना राहवलं नाही. महिनाभर मुक्या जिवांना कापलं होतं. त्यांनी बांधावर नारळ फोडला, माशांच्या प्रत्येक टबावर चिमूटभर हळद टाकली, डोळे मिटून हात जोडले. पोटासाठी केलं, माफ करा, एवढंच मनात म्हणाल्या. बांधाच्या टोकाला कट्ट मैसम्माचं, तलाव राखणाऱ्या देवीचं, शेंदूर फासलेलं ठाणं होतं. तिकडेही त्यांनी नमस्कार केला. कोळणी लांबून बघत होत्या. त्यांच्यातली वडीलधारी गंगामणी पुढं आली, हात जोडून उभी राहिली आणि काही न विचारता परत गेली. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं.

मासेमारी सुरू झाली की सावित्रीबाई लिंबाखाली काट्यापाशी बसायच्या. जाळं ओढतात तिथं त्या कधी गेल्या नाहीत. तिथं मैसम्माला कोंबडं पडायचं, कल्लू, म्हणजे ताडी, वाटली जायची, आणि प्रत्येक जाळ्यातलं निवडणं देवीपुढंच चालायचं. माळकरी बाईनं तिथं कशाला जायचं? निवडून झालेल्या पाट्या काट्यावर आल्या की त्या एकेक मासा उलटा करून पोट बघायच्या.

शंभरात वीस निघायला हवे होते. निघाले दोन. कधी एक. दोन्ही हंगाम तेच.

प्रतापराव आकड्यांकडे बघत बसले. "जगलंच नाही म्हणायचं आपलं बीज."

"माझा हात जड पडला असेल का, साहेब?"

"हाप्यात तर सगळी जगली होती." मग त्यांनी आहेत ते आकडे समितीला पाठवून दिले. खोटं लिहिणाऱ्यातले ते नव्हते. खाजगी बीजवाल्यांना तेवढंच हवं होतं. सरकारी बीज मरतं, खुणा करून उपयोग नाही, केंद्रं कशाला पोसता, असं ते उघड बोलायला लागले. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत समितीची शेवटची बैठक ठरली.

बैठकीच्या आदल्या दिवशी गंगामणी कोंड्यासाठी केंद्रावर आली. सावित्रीबाईंचा चेहरा बघून म्हणाली, "क्या हुआ बाई? मूं कायकू उतर गया?"

"जाना पडेंगा, गंगामणी. सरकार केंद्र बंद करतंय. मेरे मछली सब मर गए ना."

गंगामणी हसायलाच लागली. "कौन बोला मर गए? तुमारे मन्नत के मछलियाँ हर जाल में आते. ये मोटे मोटे! हल्दी लगाके वापस छोडते हम."

"कसली मन्नत?"

"अय्यो, वो पर कटे सो. तुम नारियल फोडके, हल्दी डालके मैसम्माकू छोडे ना? मन्नत किसकी, कायकी, पूछना नै बोलके हम पूछे नै. मैसम्मा का माल कौन खाता, बाई?"

सावित्रीबाईंच्या गावातही देवाला वळू सोडत. मांडीवर डाग देऊन सोडला की तो कुणाच्याही शेतात शिरो, त्याला कुणी काठी लावत नसे, कुणाचा म्हणून विचारतही नसे. एकसारखा पर कापलेले मासे, वर हळद, वर नारळ. या बायकांच्या जागी त्या असत्या, तर त्यांनीही तेच केलं असतं.

त्या धावत प्रतापरावांकडे गेल्या. प्रतापरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"सरकारी प्रयोगाची पूजा घातलीत तुम्ही?"

"माफी मागितली, साहेब. नवस नव्हता."

"आणि मी म्हणालो, त्यांना सांगू नका." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या चला माझ्याबरोबर. जे झालं ते तुमच्याच तोंडून सांगा."

समितीच्या लांब टेबलाशी सावित्रीबाई पदर आवळून उभ्या राहिल्या. त्या मराठीत बोलायच्या, प्रतापराव तेलुगूत सांगायचे. हळदीपर्यंत आल्यावर एक सभासद हसला. "मग या मसुद्यावर मैसम्माचीही सही घेऊ या का?" सगळे हसले. बीजवाल्यांचा माणूस मात्र हसला नाही. तो म्हणाला, "कागदावर शंभरात दोन आहेत. बाकी गोष्टी आहेत."

अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, "अम्मा, परत सोडलेल्या माशांची नोंद कुणी ठेवलीय?"

"नाही, साहेब."

"एक हंगाम द्या," प्रतापराव म्हणाले. "एकच. कोळ्यांना सगळं समजावून सांगतो."

हंगाम मिळाला नाही. ते कलम काढलं. ज्यानं त्यानं आपल्या मनानं खूण करावी, नाहीतर आपल्या बीजाचा आपणच दाखला द्यावा, एवढं ठेवलं. पुढं तो मसुदाही कुठल्याशा कपाटात गेला. प्रतापरावांची बदली अदिलाबादकडे झाली. केंद्र भाडेपट्ट्यानं गेलं. मार्चअखेर तेलुगूत छापलेलं पत्र आलं, ते तेजश्रीनं वाचून दाखवलं. मेच्या आत खोली सोडायची होती.

एप्रिलात पेद्दाचेरुवू आटत आला. मधोमध उरलेल्या गढूळ पाण्यात शेवटचं मोठं जाळं पडणार होतं. गंगामणीनं निरोप धाडला. सावित्रीबाई पहिल्यांदाच जाळ्यापाशी गेल्या. शेंदूर, कोंबड्याची पिसं, कल्लूचा वास. त्यांनी पदर नाकाला लावला नाही.

जाळं काठाला आलं. दीड दीड, दोन दोन किलोचे रोहू चिखलात फडफडत होते. बायकांनी सवयीनं पोटं बघायला सुरुवात केली आणि हात थांबले. पर कापलेले मासे बाजूला ठेवता ठेवता दुसराच ढीग झाला.

"बाई," गंगामणी म्हणाली, "अब पानीच नै. कां छोडना? सच बोलो, मैसम्माके हैं क्या नै?"

हो म्हटलं असतं तर बायकांनी ते त्या चिखलातच परत टाकले असते.

"नै," सावित्रीबाई म्हणाल्या. "वो मेरे हाथ का काम है. सरकारी काम. माफी मांगने को नारियल फोडी मैं."

एक तरुण कोळीण कडेवरच्या पोराकडे बघत तेलुगूत काहीतरी पुटपुटली.

"दो साल, बाई," गंगामणी म्हणाली. "घर में चावल का गंजी पीके सोए, और हम छोडते रहे. दो साल."

"मेरेकू मालूम नै था."

"हमकू भी नै था." गंगामणीनं पाठ फिरवली आणि दोन्ही हातांनी तो ढीग पाट्यांत भरायला घेतला.

सावित्रीबाई उकिडव्या बसल्या. कुणी सांगितलं नव्हतं, वही नव्हती, कुणाला दाखवायचंही नव्हतं. तरी त्या एकेक मासा उलटा करत गेल्या. पाचात एक नव्हे, तीनात एक निघत होता; बाकीचे विकले गेले होते, हे दरवेळी परत सोडले गेले होते. जखम भरून तिथली कातडी गुळगुळीत झाली होती. कट एकाही माशाचा वाकडा नव्हता.

बांधावरून ट्रकवाला ओरडला, "चलो चलो, बरफ पिघल रहा!"

बायका पाट्या उचलून निघाल्या. सावित्रीबाईंच्या हातातला मासा अजून तोंड उघडझाप करत होता. गंगामणी मागं वळली, तिनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला, आणि ती गेली.