सातवीच्या खोलीतली वटवाघळं

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, घरातून देव्हारा गेला, तशी भुतंही गेली. वडील म्हणायचे, न दिसणाऱ्याला घाबरायचं नाही, दिसणारंच पुष्कळ आहे. मी त्यांची मुलगी, पुढे प्राथमिक शिक्षिका. म्हणून हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. वाचून कुणी हसलं तर राग नाही... दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. उस्मानाबाद जिल्हा, बेंबळीपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. गावाबाहेर मैलभरावर जुनी पायऱ्यांची बारव आहे. तिच्यात पाणी होतं तेव्हा आमच्या वडिलांना पायरी उतरू देत नव्हते. पाणी आटलं, तेव्हा दादाला कुणी अडवलं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गावच्या शाळेत सातवीला सायन्स शिकवायचा. बारवेच्या कमानींत शेकडो वटवाघळं राहायची, ती बघायला रोज संध्याकाळी जायचा. लोक त्यांना दगड मारायचे. दादा समजवायचा — हरभऱ्यावरची अळी ज्या पतंगांपासून होते ते पतंग ही रात्रभर खातात, पिकाची राखण करतात.

"मास्तर, आमाला खायला न्हाय आन् त्यास्नी रोज जेवन!" असं कुणी म्हटलं की तो मनापासून हसायचा.

त्या उन्हाळ्यात सोसायटीच्या चेअरमननी बारवेतला गाळ काढायचं काम मंजूर करून आणलं. खाली माणसं उतरवायची तर वटवाघळं हुसकायला हवीत. लिंबाच्या ओल्या पाल्यावर मिरच्या टाकून धूर द्यायचं ठरलं. त्याच सुमारास दादाला कावीळ झाली, सोलापूरला दवाखान्यात नेलं. शेवटच्या दिवशी तो मला म्हणाला, "शांते, पिलांना अजून उडता येत नाही. चेअरमनना सांग, पंधरा दिवस थांबा. पंधराच."

दादा गेला. दुसऱ्या दिवशी चेअरमन भेटायला आले. वयानं वडिलांएवढे, माणूस वाईट नव्हता. जाताना दारात थांबून म्हणाले, "बाई, गुरुजी त्या वाघळांचं कायतरी म्हनत व्हते. किती दिस थांबायचं?"

आकडा मला पाठ होता. पण माझा भाऊ गेलाय आणि हे वटवाघळांचं विचारतात, याचा एकदम राग आला. मी म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा."

सातव्या दिवशी जलदान विधी. घर लहान, म्हणून शाळेच्या पटांगणात मांडव घातला. आदल्या संध्याकाळी मी एकटीच बारवेवर गेले होते. वटवाघळं होती. पिलांची किचकिचही ऐकली.

सकाळी उजाडल्यापासून मांडवात माणसं जमली. शंभरेक तरी असतील. दहाच्या सुमाराला बारवेवर गेलेला मुकादम मिरच्यांचं पोतं तसंच खांद्यावर घेऊन परत आला.

"सायेब, बारवेत एक बी वाघूळ न्हाय. पिलू बी न्हाय."

"डोळं उघडून बघितलं का?" चेअरमन म्हणाले.

"चौघांनी बघितलं. निस्ता वास हाय."

तेवढ्यात शाळेचा शिपाई माझ्याजवळ वाकला. "बाई, सातवीच्या खोलीतनं आवाज येतोय."

दादा आजारी पडल्यापासून ती खोली बंद होती, त्याची किल्ली माझ्याकडे होती. मी कुलूप काढलं. जुनी माळवदाची खोली, लाकडी तुळया. तुळयांना दाटीनं वटवाघळं लटकलेली... आणि कितीतरी जणींच्या पोटाशी पिलू.

झरोक्यातून आली असतील. खोली अंधारी, म्हणून तीच निवडली असेल. इथवर मला समजतं. पण फरशीवर कितीतरी दिवसांची धूळ होती, आणि त्या धुळीवर एकही लेंडी नव्हती. रात्री आली असती तर खाली घाण पडली असती. सकाळी आली असती तर झरोक्यासमोरच बसलेल्या शंभर माणसांपैकी कुणाला तरी दिसली असती. पुढे मी एकेकाला विचारलं. कुणीही पाहिली नाहीत.

"आयतीच गावली की!" मागून मुकादम म्हणाला. "हितंच धूर करू."

मी दार ओढून घेतलं. कुलूप लावलं. म्हटलं, "पंधरा दिवस ही खोली उघडणार नाही."

चेअरमन पुढे आले. "पंधराच व्हय? मंग त्या दिशी का न्हाय बोलला, बाई? आदी रस्त्याचं काम घेतलं असतं की."

मी किल्ली कमरेला खोचली. मांडवात त्रिशरण सुरू झालं. माझे नुसते ओठ हलत होते.

वटवाघळं पंधरवडाभर राहिली. मग एका संध्याकाळी पिलांसकट उडाली आणि कुठं गेली कळलं नाही. गाळ निघाला, बारवेला कमरेएवढं पाणी लागलं. सगळं गाव ते प्यायलं, मीही प्यायले. वटवाघळं मात्र त्या बारवेत परत आली नाहीत. पाऊसपाणी सुधारल्यावर हरभरा पेरला, तर घाट्यांत अळीच अळी. सोसायटीत फवारणीची पावडर विकायला आली.

प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना मी पत्र लिहिलं होतं. त्यांनी कळवलं, मादी पिलाला पोटाशी घेऊन उडू शकते. धुळीबद्दल त्यांनी काहीच लिहिलं नाही. मलाही आजवर काही सुचलेलं नाही, आणि खरं सांगते, त्याची भीतीही वाटत नाही. छळतं ते दुसरंच. त्या दिवशी दारात मी एक शब्द बोलले असते, तर त्या खोलीत कुणाला यावंच लागलं नसतं.