कार्ड नंबर तीनशे चौदा

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जायचो. कॉम्प्युटरचा माणूस... वायर असेल तर सिग्नल, नसेल तर नाही, एवढंच मानायचो. अजूनही तेच मानतो. पण ही एक गोष्ट मला सुटलेली नाही.

सत्त्याण्णव साल. मी पेणला राहून छोट्या कंपन्यांना सॉफ्टवेअर करून द्यायचो. धाटावच्या एका केमिकल कंपनीत गेटवर हजेरीचं कार्ड-मशीन होतं. मशीनमधला डेटा आमच्या प्रोग्रामला आणून देणारी लायब्ररी मशीनवाल्यांनी बदलली. गेटवरचा कॉम्प्युटर डॉसवर, टाइम ऑफिसातला विंडोजवर. दोन्हीकडचा प्रोग्राम नव्या लायब्ररीला जुळवायचा आणि जुना डेटा त्यात घ्यायचा, हे माझं काम.

त्याच आठवड्यात सकाळच्या शिफ्टला हरिश्चंद्र म्हात्रे नावाचा ऑपरेटर टाकीत पडून गेला. वरसे गावचा. वेळ सव्वाअकरा.

दुसऱ्या दिवशी पर्सोनेलचे साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. म्हात्रेची दहा पन्नासची 'आउट' घाला, म्हणाले. म्हणजे तो ड्युटी सोडून गेला आणि न सांगता परत आत शिरला, असं दिसेल. बायकोला त्याच्या जागी नोकरी द्यायला नको. पुढची कामं तुम्हालाच, हेही म्हणाले. मी घातली. एक ओळ... अर्धं मिनिट.

त्याची बायको सुनंदा आली तेव्हा साहेबांनी प्रिंटआउट मलाच वाचायला लावला. ती रडली नाही.

"ते भायेर आलेच नाय, साहेब. मी गेटावरच व्हते, डबा घेऊन."

"मशीन खोटं बोलत नाही, बाई," साहेब म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कागदाची घडी घालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला स्क्रीनवर ओळ उमटली — ३१४, इन. म्हात्रेचं कार्ड. ते तर टाइमकीपर नझीरभाईंनी कपाटात कुलपात ठेवलेलं. नव्या लायब्ररीची गडबड असेल म्हणून जुनी टाकून पाहिली — तेच. डॉसवर तेच, विंडोजवर तेच. रोज इन, आउट कधीच नाही. चौथ्या दिवशी मशीनची केबलच काढून हातात धरून बसलो.

सव्वाअकरा. ३१४, इन.

नझीरभाई शेजारीच उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "तू त्याला बाहेर काढलास ना? आता मरायला रोज आत यावं लागतंय त्याला."

मी तेव्हाच ती खोटी ओळ पुसली. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, कागद फाइलला लागलाय, आता गप्प बसा. मी बसलो. इन मात्र थांबलं नाही. शेवटी कंपनीने मशीन काढलं आणि परत मस्टर सुरू केलं. सुनंदा ठेकेदाराकडून त्याच प्लांटमध्ये टाक्या धुवायला लागली.

केबल नसताना ती ओळ कुठून यायची, मला आजही सांगता येत नाही. सुनंदाला नवऱ्याच्या जागी नोकरी का मिळाली नाही, ते सांगता आलं असतं. तेही मी कधी सांगितलं नाही.