मोजणीच्या दिवशीच्या कुरड्या

मंडळी, हसून हसून पोट दुखून राहिलं, म्हणून आधी तुमालेच सांगते.

अमरावतीत आमच्या लेआउटच्या मागं एक बिल्डर बारा मजली टॉवर बांधणार आहे. त्याले रस्ता पाहिजे, तो बी आमच्या लेकरांच्या मैदानातून! आज त्याची माणसं मोजणीला येणार, हे कळलं होतं.

आली, तर मैदानभर जुन्या साड्या अन् त्यावर ओल्या कुरड्या. दर उन्हाळ्यात आमचं वाळवण तिथंच असते. यंदा साऱ्याजणींनी एकाच दिवशी घातलं, एवढंच.

मोजणीवाले दादा टेप घेऊन काठावरच थबकले. "ताई, उचला नं हे."

शेजारच्या शोभाकाकू म्हणाल्या, "ओली कुरडई उचलते का कोनी? तुमच्या मायले इचारा. अन्नावर पाय देऊन जायचं असन, त जा बापा."

दादांनी चप्पल काढली, पण पाऊल काही टाकलं नाही. शेवटी सावलीत बसून वाटीभर गरम चीक खाल्ला अन् "वाळल्यावर येतो" म्हणून गेले.

तेवढ्यात रस्त्याविरुद्धच्या हरकतीच्या अर्जावर उरलेल्या घरांच्या सह्या झाल्या. दुपारी तो महापालिकेत जमाही केला!

उद्या पापड आहेत, परवा सरगुंडे. तुमचं वाळवण बाकी आहे का? जुनी साडी घेऊन या, मैदान लय मोठं आहे.