मोहाच्या ढोलीतली धनचिडी

चांद्याला आगगाडीतून उतरले तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि आईने दिलेली लोणच्याची बरणी एवढाच संसार होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. यजमानांना आष्टीच्या बाजूला, वैनगंगेकाठच्या एका गावात शाळामास्तरची नोकरी लागली होती, आणि वर्ध्याबाहेर कधी पाऊल न टाकलेली मी त्यांच्यामागून निघाले होते. गडचिरोलीचा निराळा जिल्हा तेव्हा नव्हता. तो सगळा मुलूख चांद्याचाच, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा.

मोटार आष्टीपर्यंत गेली. पुढे बंडी (बैलगाडी). दोन्ही बाजूंना सागाचं रान, उन्हाने पानं झडलेली. एका वळणावर चितळांचा कळप रस्ता ओलांडून गेला. सगळा गेला असं वाटून मी बंडीवाल्याला म्हटलं, "चला ना आता."

"थांबा बाई, मागून आनखी येतेत," तो म्हणाला. आणि खरंच, एक पाडस धडपडत आलं, आमच्याकडे टक लावून पाहिलं आणि आईमागे पळालं.

पहिल्याच आठवड्यात वानरांनी लोणच्याची बरणी पळवली. कौलांवर बसून एकाने फोड तोंडात घातली, चेहरा वेडावाकडा केला आणि बरणी खाली भिरकावली. मी रडकुंडीला आले. शेजारची भागरता मात्र कुडापाशी उभी राहून पोट धरून हसत होती. तिचा नवरा रेवनाथ नदीवर मासे मारायचा. घरात त्याची म्हातारी आई, तिला सगळे बुढी म्हणत. त्या संध्याकाळी भागरताने कैरी घालून केलेला मासळीचा रस्सा आणून दिला. "रडता काऊन बाई? लोणचं गेलं तं गेलं," ती म्हणाली. त्या दिवसापासून आमचं जुळलं.

घरामागे मोहाचं एक जुनं झाड होतं. फुलं गळायची तेव्हा पहाटे तिथे अस्वल यायचं आणि भागरता डबा बडवून त्याला हाकलायची. फुलांचा हंगाम सरला, अस्वल येईनासं झालं, आणि त्याच झाडावर धनचिडीचं (धनेश पक्ष्याचं) जोडपं दिसू लागलं. मादी ढोलीत शिरली आणि आतून ढोलीचं तोंड लिंपून बसली. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवली. नर दिवसभर उंबरं, वडाची फळं आणून त्या फटीतून तिला भरवायचा. सुट्टीत यजमान शिक्षकांच्या वर्गासाठी चांद्याला गेले होते. एकटीच्या त्या दुपारी मी मागच्या दारात बसून त्या नराची वाट पाहायची. तो आला की मलाही घरी कुणी आल्यासारखं वाटायचं.

एक दिवस तो आला नाही. सकाळ गेली, दुपार कलली. फटीतून चोच बाहेर यायची, आत जायची. मला घरात बसवेना. भागरताकडे गेले तर अंगणात राखी पिसं पडलेली, आणि त्यांच्यामध्ये ती बाकदार चोच.

"वडावरून पाडला बाई," रेवनाथ म्हणाला. "बुढीचे गुडघे धरले. याचं तेल लावलं का उतरते म्हनतेत."

"अहो, आमच्या मोहातल्या मादीला हाच चारत होता!"

तो थबकला. हातातली सुरी खाली ठेवत म्हणाला, "मले का मालूम? एवढ्या धनचिड्या उडतेत."

खाटेवरून बुढी बोलली, "मले नोको ते तेल. अगुदर त्या कोंडलेलीचं पाहा रे."

रेवनाथ उठला. त्याने बांबूची शिडी आणून मोहाला टेकवली, एक लांब कामटी टोकाशी चिरून चिमट्यासारखी केली. भागरताने आणि मी ओढ्याकाठची उंबरं वेचून आणली. रेवनाथने शिडीवरून फळ फटीशी धरलं. चोच आलीच नाही. फळ खाली पडलं, दुसरंही पडलं. दुसऱ्या दिवशी तिने कामटीवरच चोच मारली. भागरता पुटपुटली, "खाय वो माय, खाय." मला तर तिच्या भुकेने जेवण जाईना.

तिसऱ्या सकाळी मी स्वतः शिडीवर चढले. साडीचा ओचा खोचला. उंबर फटीशी धरून निमूट उभी राहिले. बऱ्याच वेळाने चोच बाहेर आली, अगदी अलगद, आणि फळ घेऊन आत गेली. आतून पिलांचा बारीक कलकलाट ऐकू आला. "घेतलं! पिलं आहेत आत!" मी ओरडले. खाली भागरता हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

मग तो आमचा नेमच झाला. रेवनाथ नदीवरून परतताना फळं आणायचा, कधी नाकतोडे. बुढी खाटेवरून रोज विचारायची, "खाल्लं का तिनं?"

एका सकाळी ढोलीचं लिंपण फुटलेलं दिसलं. मादी फांदीवर बसली होती. हडकलेली, शेपटीची पिसं चुरगळलेली. पाहता पाहता ती नदीपलीकडे उडून गेली. दिवसभर आली नाही. "गेली वो," भागरता हताश होऊन म्हणाली. आत पिलं ओरडत होती. रेवनाथने पुन्हा कामटी हातात घेतली, आणि ऊन उतरताना ती आली. चोचीत फळ होतं.

रेवनाथने शिडी काढून खांद्यावर घेतली. "आता आपलं काम नाई," म्हणाला आणि घरी गेला. पावसाआधी दोन पिलं उडाली. बुढीचे गुडघे तसेच राहिले; त्याबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नाही.

पुढे यजमानांची बदली झाली आणि आम्ही वर्ध्याला परतलो. आल्या आल्या शेजारणी गोळा झाल्या. वाघ पाहिला का, अस्वल अंगावर आलं का, सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. मी सांगू लागले ते उंबरांचं, शिडीचं, लिंपलेल्या ढोलीचं. ऐकता ऐकता एकेक जण उठून गेली. आई तेवढी बसून राहिली. शेवटी म्हणाली, "एवढ्या परक्या मुलखात तुझं कसं निभावलं असेल, याचाच मला घोर होता."

मग मी तिला भागरताच्या मासळीच्या रश्श्याचं सांगू लागले. इतकी वर्षं झाली, पण कुणी चांद्याकडचं भेटलं की मी आधी त्याला बसवते, चहा ठेवते, आणि वैनगंगेकाठची तीन माणसं मला आपल्याच माहेरची असल्यासारखी आठवत राहतात.