स्टार्टरची पूजा

शिरड शहापूरच्या किसनरावांनी हैदराबादेहून दोन माणसांची, बिनटपाची लाल मोटार आणली, तेव्हा ती आधीच म्हातारी झाली होती. कुण्या नवाबाच्या पोरानं शर्यतीत पळवून पळवून तिचा जीव काढला आणि मग ती आमच्या किसनरावांच्या गळ्यात मारली. किसनरावांची जमीन काळीभोर, अक्कल मात्र कोरडवाहू. डोळ्यांना मोठा काचेचा चष्मा बांधून ते मळ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. त्यांच्या हौसेपायी सगळ्या गावानं धूळ खायची.

वर्षभरात गाडीचा स्टार्टर जळाला. बटण दाबलं की इंजिनाला पहिला हिसका देतो, तो हा स्टार्टर. पुढून हँडल मारूनही गाडी चालू व्हायची, पण त्या हँडलनं एकदा उलटा झटका देऊन लखमा गड्याचं मनगट मोडलं, तेव्हापासून कुणी त्याला हात लावेना. किसनरावांनी स्वतः मारावं, तर ते गड्याचं काम. चार माणसांनी ढकलावी, तर म्हणे अब्रू जाते. मोटार गोठ्याशेजारच्या छपरात उभी राहिली आणि तिच्यापायी त्यांची बायको द्वारकाबाई घरात अडकून पडली.

द्वारकाबाईंचं माहेर औंढ्याला. वडील सटवाजी अंथरुणाला खिळलेले, आज आहेत तर उद्या नाहीत अशी गत. लेकीला एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. भाऊ सोनाजी बैलगाडी घेऊन न्यायला आला. किसनरावांनी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या गाडीनं परत धाडला.

"मोटारवाल्याची बायको बैलगाडीत बसंल? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. स्टार्टर मागवून राहिलो मी. तो बसला की मीच आणतो तिला."

स्टार्टर रेल्वेनं हिंगोलीला आला, तोही कुणाच्या तरी गाडीचा उतरवलेला. मिस्त्री बोलवा म्हटलं तर किसनरावांना राग. दोन बोल्ट आणि एक तार, त्यात काय मोठं! गाडीखाली गोधडी अंथरून, पांढऱ्याशुभ्र धोतरात ते आडवे झाले. बॅटरीची तार आधी सोडायची असते, हे त्यांना ठिणगी उडाल्यावर कळलं. उठताना डोकं आपटलं. मग एक बोल्ट कडब्यात पडला, तो शोधण्यात दिवस गेला. द्वारकाबाई बाजूला बसून मागतील तो पाना हातात देत होत्या. त्यांचं गाठोडं तयारच होतं. "झालं का हो?" एवढंच त्या विचारायच्या, आणि गाडीखालून "होऊन राहिलं ना!" असं ओरडणं यायचं. मला त्या माणसाची आजही दया येत नाही.

अखेर स्टार्टर बसला. आता बटण दाबून निघावं की नाही? पण नव्या वस्तूची पूजा झाल्याशिवाय किसनराव तिला हात कसा लावतील! बॉनेट उघडून त्यांनी स्टार्टरला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि नारळ फोडला. लोक नारळ चाकापुढं फोडतात. यांना वाटलं, पूजा स्टार्टरची, तर पाणीही स्टार्टरलाच पाहिजे. अख्ख्या नारळाचं पाणी त्यांनी भक्तिभावानं त्याच्यावर ओतलं, हात जोडले आणि बटण दाबलं. फट्‌ आवाज झाला, धूर निघाला आणि जळका वास सुटला.

तेवढ्यात सोनाजी बैलगाडी घेऊन पुन्हा दारात आला. "बाई, आबा पाणी घेईनात आता. चल."

किसनराव धुरातून पुढं आले. "बरं झालं आलास. बैल सोड आन्‌ मोटारीला जुंप. जरा वढली की चालू होईल."

माणसांनी ढकलली तर यांची अब्रू जाणार होती, बैलांनी ओढली तर चालणार होती. द्वारकाबाईंनी हातातला पाना गोधडीवर ठेवला, गाठोडं उचललं आणि त्या बैलगाडीत जाऊन बसल्या. "दादा, हाक."

"आगं, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते तुमच्याकडं बघून म्हणतील."

औंढ्याला पोचायला दुपार कलली. सटवाजींची नजर दोन दिवसांपूर्वीच गेली होती. लेकीचा चेहरा त्यांना दिसला नाही. त्यांनी तिचा हात चाचपला, बांगड्या चाचपल्या.

"द्वारका? मोटार नीट झाली का?"

"न्हाई आबा. दादाच्या बैलगाडीत आले."

 रागानं नव्हे, खरंच न कळून म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग आधीच काहून न्हाई आलीस, बाई?"